हॉजकिन लिम्फोमा : दोन सायकलींनंतरचा पेट स्कॅन पैसे वसूल करतो का?

करतो, आणि पेट स्कॅनच्या इतर बहुतेक उपयोगांपेक्षा जास्त. हॉजकिन लिम्फोमा हा लसिका गाठींचा कॅन्सर. त्यावरच्या एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोथेरपीच्या दोन सायकली (फेऱ्या) झाल्यावर साध्या सीटीत छातीतली गाठ बहुधा दिसतेच. ती जिवंत आहे की नुसता वण उरलाय, हे सीटी सांगू शकत नाही. पेट स्कॅनआधी टोचतात ते एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन लावलेली साखर. गाठ आकसण्याच्या कितीतरी आधी तिचं साखर ओढणं थांबतं, आणि पेटमध्ये नेमकं तेच दिसतं.

निकाल डोव्हिल स्कोअरमध्ये येतो, १ ते ५. गाठीची चमक यकृताइतकी किंवा त्याहून कमी असेल तर १ ते ३. यकृतापेक्षा जास्त असेल तर ४. खूपच जास्त असेल किंवा नवी गाठ उगवली असेल तर ५. आजार पुढच्या टप्प्यातला असला तरी १ ते ३ आल्यावर उरलेल्या चार सायकलींतून एबीव्हीडीतलं ब्लिओमायसिन काढता येतं. हे औषध फुप्फुसांना इजा करतं, म्हणून आमच्या मते या स्कॅनचा सर्वांत मोठा फायदा हाच. ४ किंवा ५ आला तर डॉक्टर जास्त तीव्र उपचाराचा विचार करतात.

वेळेचा घोळ सर्वांत जास्त होतो. एबीव्हीडीच्या एका सायकलीत पंधरा दिवसांच्या अंतराने दोन डोस असतात. म्हणजे स्कॅन चौथ्या डोसनंतर, दुसऱ्या नव्हे. चौथ्या डोसनंतर साधारण ९ ते १३ दिवसांनी, तिसरी सायकल सुरू होण्याआधी करावा. पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर सगळा अस्थिमज्जा एकसारखा चमकतो. तो आजार नव्हे, पण तारीख ठरवतानाच सेंटरला सांगा.

तयारीत कसूर झाली तर चांगलं मशीनही काही करू शकत नाही. सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. आदल्या रात्री भात-पोळी-गोड टाळून अंडी, पनीर, पालेभाजी खावी; व्यायाम नको. रक्तातली साखर २०० च्या आत हवी. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि मेटफॉर्मिनबद्दल आधीच विचारून घ्या, कारण एफडीजीच्या इंजेक्शनच्या तोंडावर घेतलेल्या इन्सुलिनमुळे एफडीजी स्नायूंत ओढलं जातं. इंजेक्शननंतरचा तास शांत पडून काढायचा. बोलणं नाही, च्युइंगम नाही. आणि अंगावर पांघरूण हवंच. हा आजार बऱ्याचदा तरुणांना होतो, आणि थंड एसीत तरुणांच्या मानेतली तपकिरी चरबी (शरीराला ऊब देणारी) साखर ओढून स्कॅनमध्ये चमकते, म्हणजे जिथे गाठी शोधायच्या त्याच जागी.

एफडीजीतलं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. परळला २००२ मध्ये ते बनवणारं देशातलं पहिलं यंत्र, मेडिकल सायक्लोट्रॉन, आलं. आता सोय बरीच पसरली आहे, तरी अनेक सेंटरांत एफडीजी बाहेरून गाडीने येतं. गाडी अडकली की पेशंट उपाशी ताटकळतो, म्हणून निघण्यापूर्वी फोन करावा.

आमची खरी तक्रार रिपोर्टबद्दल आहे. ‘मेटाबॉलिक रिस्पॉन्स चांगला’ एवढं लिहून भागत नाही. डोव्हिल स्कोअर, यकृताचं एसयूव्ही (एफडीजी किती ओढलं गेलं त्याचा आकडा), इंजेक्शन ते स्कॅनमधलं अंतर आणि उपचारापूर्वीच्या स्कॅनशी तुलना, एवढं त्यात हवंच. दोन्ही स्कॅन शक्यतो एकाच मशीनवर, इंजेक्शननंतर तितक्याच मिनिटांनी व्हावेत. नाहीतर एसयूव्हीचे आकडे एकमेकांशी जुळवून काही अर्थ निघत नाही. पहिलाच स्कॅन केला नसेल तर या दुसऱ्याची किंमत बरीच घसरते.

आपल्याकडे टीबीही साखर ओढतो. जुन्या गाठी विझल्या आणि एखादी नवीच चमकली, तर केवळ चित्रावरून औषध बदलू देऊ नका. तिथली बायोप्सी मागा. रिपोर्टसोबत डायकॉम चित्रांची, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल चित्रांची, सीडी घ्या. दुसरं मत घेताना डॉक्टरांना छापील कागदापेक्षा तीच लागते.