नावडत्या माणसाला सुचवायच्या सेकंड हँड गाड्या, मार्कांसकट

गाड्यांचं थोडंफार कळतं असा एकदा बोभाटा झाला की "सेकंड हँड कोणती घेऊ रे" असे फोन चालू होतात, आणि विचारणारा प्रत्येक जण आपला लाडका असतोच असं नाही. तुमच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या कुंड्या ठेवणारा सोसायटीचा सेक्रेटरी असतो, डिपॉझिट बुडवलेला घरमालक असतो, मानपानावरून अजून तोंड वाकडं करून फिरणारा साडू असतो. चांगल्या माणसाला वॅगनआर, इनोव्हा, होंडा सिटी मॅन्युअल सांगून मोकळं व्हायचं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मजा दुसऱ्या यादीत आहे.

आधी एक क्लिअर करतो. भंगार गाडी सुचवून काहीही साधत नाही, कारण भंगार गाडी भंगारच दिसते आणि माणूस पहिल्या चक्करीतच नको म्हणतो. या कामाला लागणारी गाडी टेस्ट ड्राइव्हला प्रेमात पाडणारी पाहिजे, बिल्डिंगखाली उभी राहिली की दोन माना वळल्या पाहिजेत आणि किंमत ऐकून "एवढ्यात येते?" असं तोंडून निघालं पाहिजे, म्हणजे पैसे घेताना कमी जातात आणि नंतर निवांत जात राहतात. दुसरी अट, जिवावर बेतेल असलं काही सुचवायचं नाही. आपलं भांडण त्याच्या खिशाशी आहे. त्यामुळे डॅटसन गो यादीतून बाद, २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या क्रॅश टेस्टमध्ये तिला शून्य स्टार मिळाले होते, साडूच्या मागे आपली मेव्हणी आणि पोरं पण बसतात हे विसरू नका.

तर पहिला नंबर डोळे झाकून पोलो जीटी टीएसआय. २०१३ ला आली, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस आणि ७ स्पीड डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ड्राय क्लचवाला, ज्याचा कोड डीक्यू २०० आहे. हाच गिअरबॉक्स व्हेंटो टीएसआयला, ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयला आणि रॅपिड डिझेल ऑटोमॅटिकला पण आहे. चालवायला अशक्य भारी गाडी, खोटं बोलणार नाही, एक्सप्रेसवेवर पाय दाबला की गिअर कधी पडला ते कळतही नाही आणि नेमका हाच तिचा सापळा आहे. आत दोन क्लच आहेत, एकाकडे १-३-५-७, दुसऱ्याकडे २-४-६ आणि रिव्हर्स, आणि दोन्ही कोरडे म्हणजे गार ठेवायला ऑइल नाही. मोकळ्या रस्त्यावर काही प्रॉब्लेम नाही, पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर इंच इंच सरकायचं म्हणजे कॉम्प्युटर तासभर हाफ क्लचवर गाडी चालवतोय, मग क्लच तापणार, गाडी थरथरणार, आणि गिअर पाडणारं मेकाट्रॉनिक नावाचं जे हायड्रॉलिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचं खोकं आहे ते गेलं तर बिल लाखाच्या घरात. चीनमध्ये २०१३ ला याच डीएसजीच्या तक्रारींवरून ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवायला लागल्या होत्या, म्हणजे ही काही आपल्या गॅरेजवाल्यांची कुजबूज नाही.

यातला सगळ्यात रंगतदार भाग म्हणजे दुसऱ्या क्लचची बाजू झोपली की रिव्हर्स पण झोपतो. डिस्प्लेवर गिअरचं अक्षर लुकलुकायला लागतं, गाडी पुढे जाते पण मागे येत नाही. आता बघा, सेक्रेटरी साहेबांनी लक्ष्मी रोडच्या गल्लीत भिंतीला नाक लावून पार्क केलीये, मागे टेम्पोवाला हॉर्न मारतोय, आणि वॉचमन, शहाळेवाला आणि कॉलेजचं एक पोरगं मिळून "जीटी" लिहिलेली गाडी न्यूट्रलमध्ये मागे ढकलतायत, आणि सौ. हातात पिशव्या घेऊन फुटपाथवर. दहापैकी साडेनऊ मार्क. (मॅन्युअल पोलो मात्र चुकून सुद्धा सुचवू नका, ती चांगली गाडी आहे, आयुष्यभर दुवा देईल.)

दुसरा नंबर, ज्याला चार लोकांत मिरवायचंय त्याच्यासाठी. बीएमडब्ल्यू ३२०डी, २००९ ते ११ च्या आसपासची. जुनी ३२०डी नवीन स्विफ्टच्या पैशात किंवा त्याच्याही खाली मिळते आणि माणसाला वाटतं आपण लॉटरी मारली. यातल्या एन४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारी साखळी, पुढे नाही, मागे आहे, गिअरबॉक्सच्या बाजूला. म्हणजे चेन कितीही स्वस्त असली तरी तिथपर्यंत हात पोचवायलाच गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन खाली उतरवायचं. चेन घासली की सकाळी थंड स्टार्टला मागून बारीक खरखर येते, पण डिझेल आहे, नवीन मालकाला वाटतं असाच आवाज असतो. आणि तुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग इंजिन दुरुस्त करायचं का दुसरं शोधायचं एवढाच प्रश्न. त्यात रनफ्लॅट टायर, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे, एका टायरच्या पैशात अल्टोचे चार येतील.

लोकांना एक साधं गणित कळत नाही म्हणून असल्या गाड्या विकल्या जातात. गाडीची किंमत पडते, पार्टची पडत नाही. ४० लाखांची गाडी ७ लाखांना मिळाली तरी तिचा हेडलाइट ४० लाखांच्या गाडीचाच असतो. इन्शुरन्सवाले पण इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापता पार्टचे पूर्ण पैसे देणारं कव्हर) सहसा देत नाहीत, म्हणजे बंपर फुटला की प्लास्टिकचे अर्धे पैसे मालकाचेच. ऑडी, मर्सिडीज, जॅग्वार सगळ्यांना हेच लागू, वेगवेगळं लिहीत बसत नाही, एअर सस्पेन्शनवाली (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असलेली) कुठलीही मोठी एसयूव्ही सुचवली तरी चालेल, एके दिवशी सकाळी ती एका कोपऱ्यावर टेकलेली दिसेल. नऊ मार्क, पोलोपेक्षा अर्धा यासाठी कापला की विकत घेतल्यावर महिनाभर तो खरंच बीएमडब्ल्यूवाला म्हणून फिरतो आणि ते आपल्याला बघायला लागतं.

फोर्डमध्ये जरा जपून. सप्टेंबर २०२१ ला फोर्डने इथे गाड्या बनवणं बंद करतोय म्हणून जाहीर केलं आणि सेकंड हँडचे भाव आपटले, त्या नादात लोक सरसकट "फोर्ड नको" म्हणतात. चूक आहे. डिझेल मॅन्युअल इकोस्पोर्ट किंवा एंडेव्हर शत्रूला दिलीत तर तो कौतुक करत तुमच्याच घरी पेढे घेऊन येईल. शत्रूला द्यायची ती २०१३ ते १७ मधली इकोस्पोर्ट पेट्रोल ऑटोमॅटिक, पॉवरशिफ्ट नावाच्या गिअरबॉक्सवाली. हा पण ड्राय ड्युअल क्लच, हा पण थरथरतो, अमेरिकेत फिएस्टा आणि फोकसमधल्या पॉवरशिफ्टवरून गिऱ्हाइकांनी कंपनीला कोर्टात खेचलं आणि सेटलमेंट करायला लावली. २०१७ च्या फेसलिफ्टला फोर्डने स्वतःच तो काढून साधा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक, टाकला, म्हणजे काय ते समजून घ्या. जाहिरातीत नुसतं "ऑटोमॅटिक" लिहिलेलं असतं, त्यामुळे कोणती आहे ते वर्ष बघितल्याशिवाय कळत नाही. आठ मार्क.

शेवर्ले क्रूझबद्दल लिहिताना मला स्वतःलाच वाईट वाटतं. २००९ ला आली तेव्हा ते २ लिटर डिझेल म्हणजे दंगा होता, १५० पीएस, घाटात पुढच्या दोन-तीन गाड्या एका दमात मागे टाकणारी. मग २०१७ मध्ये शेवर्लेवाल्या जीएमने (जनरल मोटर्स) इथलं दुकान आवरलं, तळेगावचा प्लँट पुढे ह्युंदाईने घेतला. इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड मिळतात, त्याने कुणी मरत नाही. अडतं कुठे तर दाराची काच वरखाली करणारं मशीन, एबीएसचं मॉड्यूल, मागचा लाइट, असल्या फुटकळ गोष्टींवर. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चकरा, तिथे नाही मिळालं तर कुणीतरी दिल्लीच्या काश्मिरी गेटचा नंबर देतं, तो व्हॉट्सॲपवर फोटो मागवतो, ॲडव्हान्स घेतो, पार्ट येतो, उघडून बघितला तर डावीकडचा. साडेसात मार्क, कारण पार्ट शोधायचा नाद असलेल्या माणसाला ही शिक्षा न वाटता छंद वाटायची भीती आहे.

आता माझी पर्सनल फेव्हरेट, मारुती सुझुकी किझाशी. समोरचा माणूस सावध असेल, यूट्यूब बघून आला असेल, "जर्मन नको, बंद पडलेली कंपनी नको, मारुतीच पाहिजे" म्हणत असेल, तर त्याला हीच. २०११ ला आली, २.४ लिटर पेट्रोल, जपानहून तयार येणारी, १६ लाखांच्या पुढची मारुती. कोण घेणार होतं? जेमतेम विकल्या आणि दोन-तीन वर्षांत गुपचूप बंद. आज दिसली की ऐटबाज दिसते, चालवायला दणकट, आणि तो खुशीत म्हणतो मारुतीच आहे की, पार्ट गल्लीत मिळेल. वर्कशॉपमध्ये नेली की काउंटरवरचं पोरगं आधी सिस्टीममध्ये बघतं, मग गाडीकडे बघतं, मग आतून मोठ्या साहेबाला बोलावून आणतं. तेच एस-क्रॉस १.६ डिझेलचं, १.३ वाली बिनधास्त घ्या पण १.६ चं इंजिन आयात केलेलं, क्लचपासून सगळं महाग, आणि दोन्हीवर नाव एकच असल्यामुळे नवख्याला फरक कळत नाही, बोनसला मायलेज पण चांगलं सांगता येतं. किझाशीला पूर्ण दहा द्यायला हरकत नव्हती पण विकायला निघालेली सापडली तर पाहिजे ना.

प्रीमियर रिओ पण आठवली, पद्मिनीवाल्याच कंपनीने आपल्या चिंचवडला बनवलेली छोटी एसयूव्ही. शोधून सुचवायला मेहनत आहे आणि घेणारा पण येडा नसतो. पाच मार्क, ते सुद्धा पुण्याची म्हणून.

नॅनो सुचवू नका. लोकांना वाटतं हे परफेक्ट, पण नॅनो पन्नास-साठ हजारात मिळते, ६२४ सीसी, दोन सिलिंडर, बिघडायला आहेच काय तिच्यात, पेठेतल्या गल्लीत कुठेही वळते. शत्रू चक्क सुखी होतो.

गाडीइतकंच महत्त्वाचं, ती कुठून आणायला सांगायची. "दिल्लीहून आण, दोन लाखाने स्वस्त पडते" हे वाक्य नीट पाठ करा. २०१५ च्या एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) आदेशापासून तिकडे दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल म्हणजे टांगती तलवार, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने पण तेच धरलं, मधे नियम वरखाली झाले तरी धास्ती गेली नाही, त्यामुळे सात-आठ वर्षांची डिझेल तिकडे खरंच स्वस्त मिळते. स्वस्ताई संपते महाराष्ट्राच्या आरटीओत. आधी तिकडून २८ नंबरच्या फॉर्मवर एनओसी, मग इकडचा वन टाइम टॅक्स, जो डिझेलला पेट्रोलपेक्षा चढा आणि लक्झरी गाडीला चांगलाच बसतो, मग नवीन नंबर, आणि तिकडच्या टॅक्सचा रिफंड पाहिजे असेल तर पुन्हा दिल्ली. एजंट म्हणतो पंधरा दिवसांत करून देतो. तोवर डीएल पासिंगची गाडी बघून प्रत्येक नाक्यावर पोलीस मामा हात करतात. कुठल्याही गाडीला हे जोडलंत की दीड मार्क वाढवून धरा.

पुरात बुडालेली गाडी मात्र यादीत नाही, कितीही राग असला तरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मग २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण, दर वेळी इन्शुरन्सने टोटल लॉस म्हणजे दुरुस्तीपलीकडच्या ठरवलेल्या गाड्या लिलावात जातात, धुऊन पुसून दुसऱ्या जिल्ह्यात उभ्या राहतात. एअरबॅगची वायरिंग आणि मॉड्यूल खालच्याच बाजूला असतात, गंजले की ऐनवेळी उघडतील का नाही सांगता येत नाही, आणि जिवावरचं नको हे सुरुवातीलाच ठरलंय. म्हणून एवढं दुश्मनाला सुद्धा सांगा: पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, कारण सीट धुतात, मॅट बदलतात, पण गुंडाळलेल्या बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीट पुढे सरकवून खालच्या रेलवरचा गंज बघायचा, स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात बोट फिरवायचं. आणि डीलर "साहेब, बेल्ट कशाला ओढताय, गाडी एकदम शोरूम कंडिशन आहे" म्हणाला की चहा पिऊन निघायचं.