पेलेटच्या गोणीत माती, हातात लॅबचा रिपोर्ट

कांदा, मका, भाजीपाला वाळवणाऱ्या ड्रायरवाल्यांनी हे जरूर वाचावं. डिझेल आणि गॅस परवडत नाही, म्हणून आमच्या निफाड तालुक्यात बरेच जण लाकडी भुशाच्या पेलेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर, आलेत. इंधन चांगलंच आहे. प्रश्न आहे तो विकणाऱ्यांचा.

आमच्याकडे आलेला माणूस सराईत होता. सोबत नमुन्याची पिशवी आणि एका प्रयोगशाळेचा छापील रिपोर्ट: उष्मांक (जळून मिळणारी उष्णता) किलोला ४,२०० किलोकॅलरी, राख २ टक्के. सॉ मिलच्या कोरड्या भुशाला असे आकडे येतात, त्यामुळे शंका येण्याजोगं त्यात काही नव्हतं. नमुना आम्ही पेटवूनही पाहिला. झकास जळला. भाव बाजारापेक्षा थोडाच कमी. फार स्वस्त सांगितलं तर गिऱ्हाईक बिचकतं, हे त्याला पक्कं ठाऊक. अर्धे पैसे आगाऊ, बाकीचे गाडी खाली होताना.

मागच्या फाळक्याजवळच्या गोण्या नमुन्यासारख्याच निघाल्या. भेसळीचा माल आत होता. भट्टी लावली, ब्लोअर पूर्ण सोडला, तरी ड्रायरची हवा ५० अंशांच्या वर जाईना. आम्हाला ६० च्या आसपास लागते. पेलेट वाढवले तर बर्नरची भोकं राखेनं बुजायची. सकाळी राखेचं दार उघडलं तर शेगडीवर काचेसारखे कडक खडे चिकटलेले, सळईने ठोकून काढावे लागले. इकडे चिरलेला कांदा ट्रेमध्ये पडून. कांद्यात ८५ टक्क्यांच्या वर पाणी असतं. ते वेळेत उडालं नाही तर काप आंबतात, तांबूस पडतात. तो सगळा लॉट व्यापाऱ्याने रंग बघूनच परत पाठवला.

मग आतल्या गोणीतले पेलेट बादलीत टाकले. लाकडाचा पेलेट पाण्यात बुडतो, फुगतो आणि त्याचा परत भुसा होतो. इथे भुसा थोडा, भाताच्या तुसाचे कण बरेच, आणि तळाला बोटभर लाल माती. पेलेटवर पाणी मारून वजन वाढवता येत नाही, तो विरघळतो. म्हणून हे लोक माती घालतात. तुसाला मी नावं ठेवत नाही. घोटी-इगतपुरीकडे भाताच्या गिरण्या आहेत, तिथलं तूस बॉयलरला चालतंच. पण त्यात २० टक्क्यांच्या आसपास राख असते, तेव्हा ते तुसाच्याच भावात विकावं ना!

फोन केला तर आधी ‘तुमची भट्टीच जुनी आहे’, मग ‘वाटेत पाऊस लागला असेल’, आणि शेवटी नंबर ब्लॉक. पोलिसांनी अर्ज घेतला आणि हा दिवाणी वाद असल्याचं सांगितलं. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय की नमुना ग्राहकाने आणून दिला आणि निकाल तेवढ्याच नमुन्याचा आहे. बिलावर नुसतं ‘बायोमास फ्युएल’. म्हणजे कागदावर तो कुठेच खोटं बोललेला नाही. सगळी मेख इथेच आहे.

त्यामुळे ऑर्डर लेखी द्या आणि तीत उष्मांक, ओलावा व राखेची मर्यादा घाला. उष्मांक ‘आल्या मालाचा’ असं स्पष्ट लिहा, कारण रिपोर्ट बहुतेकदा पूर्ण कोरड्या मालाचा दाखवतात. कोरड्याचे ४,००० असतील तर १० टक्के ओलाव्याला ३,६०० च उरतात. गाडी आपल्या ओळखीच्या काट्यावर तोला. मधल्या गोण्या फोडून तिथेच बादलीत टाका. एक किलो पेलेट पत्र्यावर राख होईपर्यंत जाळा. चांगल्या भुशाची राख ३०-४० ग्रॅमच्या आत राहते, आमची पाव किलोच्या घरात गेली. एक नमुना ड्रायव्हरच्या सहीने सील करून ठेवा. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, आणि बँक खातं त्याच नावाचं आहे ना तेही. ज्यांच्या ड्रायरला हीट एक्स्चेंजर नाही, धूर थेट मालावर जातो, त्यांनी प्लायवूडचा भुसा तर दारातूनच परत पाठवावा. त्यातल्या गोंदाचा धूर खाण्याच्या मालाला लागतो.

परवा येवल्याकडच्या एका मक्याच्या ड्रायरवाल्याने मला व्हॉट्सॲपवर एक रिपोर्ट पाठवला, ‘घेऊ का’ म्हणून. फर्मचं नाव नवीन, रिपोर्ट नंबर आणि आकडे आमच्याचेच. त्याला म्हटलं, आधी त्या लॅबला फोन लाव आणि हा नंबर कोणाच्या नावावर आहे ते विचार.