पेस्लिप बरोबर, पगार खोटा : मेलबर्नमधल्या ‘कॅशबॅक’चा माझा अनुभव

हॉटेलात ताशी 12-13 डॉलर रोख हातावर टेकवून विद्यार्थ्यांना राबवतात, हे ऑस्ट्रेलियाला निघालेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. मीही ऐकलं होतं. म्हणूनच मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात मला रीतसर करार, बँकेत पगार आणि दर आठवड्याला पेस्लिप देणारं काम मिळालं, तेव्हा सांगलीला फोन करून मी आईला सांगितलं की मालक चांगला भेटलाय. फसवणूक चालली होती ती नेमकी त्या पेस्लिपच्या आडून.

मालक आपल्याकडचेच. ओळख झाली गणपतीच्या आरतीला. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणू लागले. काकू रात्री निघताना उरलेली भाजी डब्यात घालून द्यायच्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण परक्या माणसाने असं काही मागितलं असतं तर मी त्याच दिवशी काम सोडलं असतं.

पहिला पगार जमा झाला त्या संध्याकाळी काकांनी मला काउंटरपाशी बोलावलं. “बाळा, बँकेत आले ते सरकारी हिशेबाचे. आपला हिशेब ताशी 14 चा. वरचे शनिवारी आणून दे.” आवाज अगदी नेहमीचा, चहा घेणार का विचारावं तसा. पुढे दर शनिवारी तेच. यालाच म्हणतात ‘कॅशबॅक’. शेजारच्या शॉपिंग सेंटरमधल्या एटीएममधून 50 च्या नोटा काढायच्या आणि गल्ल्याखाली सरकवायच्या. काका त्या न बघता बोटांनी मोजायचे, रबरबँड लावलेल्या निळ्या वहीत माझ्या नावाच्या आद्याक्षरापुढे बरोबरची खूण करायचे. सुट्टे द्यायचे असले तर टिपच्या बरणीतून द्यायचे! ती बरणी आमची होती, हे वेगळं सांगायला नको.

आता आकडे बघा. 2024-25 मध्ये ऑस्ट्रेलियात किमान वेतन ताशी 24.10 डॉलर होतं. कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या आणि पगारी रजा न मिळणाऱ्या कामगाराला त्यावर 25 टक्के जास्त, म्हणजे 30 च्या थोडं वर. शनिवार-रविवारचा दर आणखी चढा. माझ्या पेस्लिपवर हे सगळं पैशापर्यंत अचूक होतं आणि माझ्या हातात राहत होते त्यातले निम्म्याहून कमी. वर टॅक्स कापला जायचा तो पेस्लिपवरच्या पूर्ण रकमेवर. जे पैसे मी परत केले, त्यांचाही टॅक्स माझ्याच नावावर गेला.

हा प्रकार काकांनी शोधून काढलेला नाही. 2015 मध्ये सेव्हन-इलेव्हन या साखळीच्या दुकानांतली वेतनचोरी तिथल्या पत्रकारांनी उघड केली, त्यात भरडले गेलेले बरेच जण भारतीय विद्यार्थी होते. आधी काही दुकानदार कागदावर निम्मेच तास दाखवायचे. बोभाटा झाल्यावर पूर्ण पगार बँकेत टाकून रोख परत मागण्याची युक्ती निघाली. तपासणीला कुणी आलं तरी कागद स्वच्छ.

दुसरा गळ टाकला गेला दिवाळीत. स्टुडंट व्हिसावर कोर्स चालू असताना 14 दिवसांत 48 तासच काम करता येतं, सुट्टीत मर्यादा नाही. दिवाळी येते ती ऐन सेमिस्टरमध्ये. फराळाच्या आणि पार्ट्यांच्या ऑर्डरी इतक्या होत्या की काकांनी जादा तास करायला लावले, तेही वहीबाहेर, रोखीत. तेव्हा वाटलं, गरज आहे त्यांना. नंतर कळलं की मला धरून ठेवायची दोरीच ती.

कारण महिन्याभराने मी सुपरचा विषय काढला. सुपर म्हणजे मालकाने पगाराव्यतिरिक्त आपल्या निवृत्ती खात्यात भरायची रक्कम, त्या वर्षी 11.5 टक्के. पूर्वी महिन्याला 450 डॉलरच्या आत कमाई असली तर ती भरावी लागत नसे. ती अट 1 जुलै 2022 पासून गेली, त्यामुळे थोडी कमाई असलेल्या विद्यार्थ्यांनाही सुपर मिळते. पेस्लिपवर आकडा दर आठवड्याला छापून यायचा, फंडाच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक शून्य. काकांना विचारलं, तर पहिल्यांदाच त्यांचा सूर बदलला. “48 च्या वर काम केलंयस तू, लक्षात आहे ना? इमिग्रेशनला एक मेल गेला की संपलं. मग तुझ्या बाबांना काय तोंड दाखवशील?”

या एका वाक्यावर त्यांचं सगळं दुकान चाललं होतं. स्वयंपाकघरातला पंजाबी मुलगा, माझ्याबरोबरची नेपाळी मुलगी, सगळे त्याच वाक्याला घाबरून शनिवारी नोटा आणायचे.

त्या वाक्यात दम नव्हता हे मला कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षातल्या बाईंनी सांगितलं. त्यांनी मला स्टडी मेलबर्नकडे पाठवलं. ही व्हिक्टोरिया सरकारची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची मदतसेवा, एक पैसा लागत नाही. तिथून कायदेशीर सल्ल्यापर्यंत पोचले आणि चित्र फिरलं. व्हिसा रद्द करणं मालकाच्या हातात नसतं, तो अधिकार गृहखात्याचा. उलट 1 जुलै 2024 पासून व्हिसाचा धाक घालून कुणाला राबवणं हा मालकाचाच गुन्हा ठरतो. तास जास्त झाले असले, पण ते शोषणातून झाले असतील, तर मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र जोडून आणि पुढे अटी पाळायची हमी देऊन तक्रार करता येते. मग सहसा त्या कारणावरून व्हिसा जात नाही. यातले बारकावे वकिलाकडूनच समजून घ्या, ग्रुपवरच्या ‘अनुभवी’ दादांकडून नको. त्यांनी मला गप्प बसायचा सल्ला दिला होता.

आणि कॅशबॅक? फेअर वर्क या तिथल्या कामगार कायद्याच्या कलम 325 प्रमाणे कामगाराला स्वतःच्या पगारातून मालकाच्या फायद्यासाठी असे पैसे द्यायला लावता येत नाहीत. 1 जानेवारी 2025 पासून जाणूनबुजून कमी पगार देणं फौजदारी गुन्हा झालाय.

कायदा असून भागत नाही, दाखवायला काहीतरी लागतं. इथे कागद काकांच्या बाजूने होते, म्हणून मला माझे कागद उभे करावे लागले. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दर पगारानंतरच्या शनिवारी, त्याच एटीएममधून, जवळपास तेवढीच रक्कम काढलेली दिसत होती. वकीलबाईंनी त्या ओळींवर पिवळा हायलायटर फिरवला तेव्हा पानभर पट्टे दिसले. भिंतीवरच्या रोस्टरचे, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकाचे फोटो फोनमध्ये होते. “उद्या विसरू नको” असा काकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मेसेज होता, तोही शुक्रवारी रात्रीचा. ग्रुप त्यांनी पुढे डिलीट केला, पण मी स्क्रीनशॉट स्वतःलाच मेल करून ठेवले होते. तुम्ही आत्ता कुठे काम करत असाल तर फेअर वर्क या सरकारी यंत्रणेचं ‘रेकॉर्ड माय अवर्स’ हे फुकट अ‍ॅप टाकून घ्या, तास आपोआप नोंदले जातात. आणि मालकाशी या विषयावर तोंडी बोलणं झालं की त्याच रात्री तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

वकिलांचं पत्र गेल्यावर काकांनी आधी रडारड केली, मग मंडळातल्या दोघांकरवी निरोप पाठवले की आपसांतलं भांडण चव्हाट्यावर कशाला. शेवटी बराचसा फरक बँकेतून परत दिला, सगळा नाही. उरलेल्यासाठी कोर्टात जाता आलं असतं. लहान दाव्यांची मर्यादा आता 1 लाख डॉलर आहे आणि वकील करावाच लागतो असं नाही. पण माझा थिसिस तोंडावर होता, तडजोड घेतली. नेपाळी मुलीने घेतली नाही, तिचा दावा चालू आहे. मला तिचंच बरोबर वाटतं.

सुपरची तक्रार वेगळी, ती टॅक्स ऑफिसकडे ऑनलाइन करायची. वसुली झाली की ती रक्कम तुमच्या फंडात जमा होते. कायमचं परतताना, व्हिसा संपल्यावर, ती काढता येते. स्टुडंट व्हिसावाल्यांच्या बाबतीत त्यातला 35 टक्क्यांचा मोठा लचका टॅक्समध्ये जातो, तरी बाकीचे आपलेच. कमी मिळालेल्या पगाराचा दावाही 6 वर्षांपर्यंत मागे जाऊन करता येतो. त्यामुळे पुण्याला, नाशिकला परत गेलेल्या आणि ‘जाऊ दे’ म्हणून सोडून दिलेल्या मुलामुलींनी जुनी बँक स्टेटमेंट्स डाउनलोड करून ठेवावीत. खातं बंद झालं की ती मिळवायला फार खटपट पडते.