कण्याने गिळलेले चित्र : अर्पिता सिंग यांच्या चित्रसंग्रहाचा सात महिन्यांचा अनुभव

जानेवारीत मागवलेले अर्पिता सिंग यांच्या चित्रांचे मोठ्या आकाराचे इंग्रजी पुस्तक जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कण्यापासून, म्हणजे पाठीच्या बांधणीपासून, सुटले, आणि त्यानंतर विक्रेत्याशी जो पत्रव्यवहार झाला त्यामुळे हा अभिप्राय लिहायला बसले आहे. पाने, वजन, कागद ही माहिती विक्रीच्या पानावर आहेच, ती पुन्हा देत नाही. किंमत मात्र सांगते : सवलत वजा जाता 3,400 रुपये. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या आमच्या तळमजल्यावरची दोन कपाटे पुस्तके लगदा होऊन गेली. तेव्हापासून पाचशेच्या वरचे पुस्तक घ्यायचे नाही, हा नियम मीच घालून घेतला होता. तो मी स्वतःच मोडला, म्हणून राग दुप्पट आहे.

खरी तक्रार कणा सुटण्याच्या कितीतरी आधीची, पहिल्याच आठवड्यातली आहे. मोठी चित्रे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरून छापली आहेत आणि बांधणी शिलाईची नसून नुसत्या डिंकाची असल्यामुळे प्रत्येक चित्राचा मधला बोटभर भाग खाचेत जातो. दुसऱ्या एखाद्या चित्रकाराच्या बाबतीत मी हे चालवून घेतले असते, कारण निसर्गचित्राच्या मध्यावरचे बोटभर आकाश गेले तर फारसे बिघडत नाही. या बाईंच्या चित्रात मात्र रिकामी जागा जवळजवळ नसतेच. माणसे, फुले, मोटारी, विमाने, बंदुका, आकडे आणि अक्षरे गोधडीच्या ठिगळांसारखी एकमेकांना चिकटून बसलेली असतात. 2005 चे ‘विश ड्रीम’ हे सोळा कॅनव्हास जोडून केलेले, जवळजवळ 24 फूट रुंद चित्र आहे, आणि 2010 च्या लिलावात ते साडेनऊ कोटी रुपयांच्या वर गेले. त्यातली एक आकृती माझ्या प्रतीत अर्धीच दिसत होती. मी सुरुवातीला भिंगाने आणि नंतर पट्टीने पाने दाबून पाहिली. पुस्तक पाहताना पट्टी हाताशी ठेवावी लागणे हे मला अजूनही पटलेले नाही.

तरीही पुस्तक परत केले नाही, याचे कारण चित्रेच आहेत. बंगालमधल्या बारानगर येथे 1937 मध्ये जन्मलेल्या अर्पिता सिंग 1946 मध्ये आईबरोबर दिल्लीला आल्या, दिल्ली पॉलिटेक्निकमध्ये शिकल्या आणि पुढे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होत्या. बंगालची कांथा (टाके घालून केलेली गोधडी) आणि कापडावरची वीण यांच्याशी त्यांच्या चित्रांचे नाते अनेकांनी दाखवले आहे. सत्तरच्या दशकात त्यांनी काही वर्षे ओळखीची आकृती बाजूला ठेवून केवळ रेषा आणि ठिपक्यांची शाईची रेखाटने केली. ही पाने मी आधी भराभर उलटली होती, पण मार्चमध्ये पुन्हा पाहिली तेव्हा लक्षात आले की पुढच्या चित्रांतली दाटी इथेच, टाका घालावा तशी, शिकली गेली आहे. हे प्रकरण कंटाळवाणे असल्याचे मी एका मैत्रिणीला सांगितले होते, ते मागे घेते.

आमच्याकडच्या लोकांनी चित्रातली बाई पाहिली ती बहुधा औंधच्या संग्रहालयात, रविवर्म्याच्या हातची : भरजरी, तरुण, कोणीतरी पाहत आहे हे ठाऊक असलेली. अर्पिताबाईंची बाई पन्नाशीची असते, पोट सुटलेले असते, कधी ती उघडी असते आणि तिला त्याचे काही वाटत नाही. 1990 च्या ‘देवी पिस्तोलवाली’ला अनेक हात आहेत आणि त्यांतल्या एकात पिस्तूल आहे. 1993 च्या ‘माय मदर’मध्ये मागे हिंसाचार आणि कापडात गुंडाळलेली प्रेते आहेत, आणि पुढे वयस्क आई मोठ्या आकारात उभी आहे. हे पान माझ्या सासूबाईंनी बराच वेळ पाहिले आणि “मागं बघत नाही बघ ती,” एवढेच म्हणाल्या.

जुलैच्या दमट हवेत डिंक सुटला आणि चाळीसएक पाने हातात आली. विक्रेत्याने परतीची दहा दिवसांची मुदत संपल्याचे कळवले, दुसऱ्या पत्राला “हवामानामुळे झालेले नुकसान” असे उत्तर दिले आणि तिसऱ्याला उत्तरच दिले नाही. सांगलीत पावसाळा असतो हे पुस्तक विकताना त्यांना ठाऊक नसावे.

शेवटी गणपती पेठेच्या बाजूला अडत दुकानांच्या खतावण्या बांधून देणाऱ्या एका वयस्क बाइंडरकडे गेले. माझी मागणी शिलाईची होती. त्यांनी पाने बोटाने चाळली आणि म्हणाले, “बाई, सुट्टी पानं शिवून दिली तर चित्र आणखी आत जातंय. मागनं पट्टी लावून जोड्या करतो.” त्यांनी जोडचित्रांची पाने कडेला कड भिडवली, मागच्या कोऱ्या समासावर पातळ कागदाची पट्टी खळीने चिकटवली, बुरशी धरू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घातला, आणि या जोड्या घडीतून शिवून लाल कापडाच्या पाठीत बसवल्या. आठ दिवस लागले आणि साडेतीनशे रुपये झाले. पाठीवर खतावणीप्रमाणे वर्ष घालायचे का, असेही त्यांनी विचारले होते.

आता पुस्तक टेबलावर सपाट उघडते आणि ‘विश ड्रीम’ एका नजरेत दिसते. खाचेतली ती आकृती बाहेर आली आहे. यंत्राने डिंक लावण्यापूर्वी कणा खरवडला तेव्हा जे दोन-तीन मिलिमीटर गेले ते मात्र गेलेच, त्यामुळे तिचा खांदा थोडा उडी मारल्यासारखा दिसतो आणि माझी नजर दर वेळी आधी तिथेच जाते. चित्रांच्या निवडीला आणि छपाईच्या रंगांना, विशेषतः त्या गुलाबी आणि निळ्याला, पाचपैकी पाच तारे. बांधणीला एकही नाही. हेच पुस्तक घेणार असाल तर 3,750 रुपये धरून चला, आणि पहिल्या दहा दिवसांतच जोडचित्राचे पान पूर्ण उघडून पाहा.