हेअरस्प्रे, स्पंज की मीठ? आफ्रिका कोअरच्या पॅन्झर-३ च्या मॉडेलवर टवके कसे पाडावेत

मार्च १९४१ मध्ये त्रिपोलीला उतरलेले आफ्रिका कोअरचे, म्हणजे उत्तर आफ्रिकेत लढलेल्या जर्मन सैन्याचे, पॅन्झर-३ सारखे रणगाडे गडद राखाडी (जर्मन रंगक्रमांक आरएएल ७०२१) होते. वाळवंटाचा पिवळसर तपकिरी रंग (आरएएल ८०००) त्यावर नंतर चढला, तोही अनेकदा जर्मन क्रॉसचं चिन्ह आणि बुरुजावरचे आकडे तसेच ठेवून, त्यांच्या कडेकडेने. म्हणजे या रणगाड्याचा वरचा रंग उडाला की खाली आधी राखाडी दिसतो, गंज नाही. चिपिंगची, म्हणजे मॉडेलवर रंगाचे टवके उडालेले दाखवण्याची, पद्धत निवडताना पहिला प्रश्न हाच: टवक्याखाली काय दिसायला हवं? एका रंगाखालून दुसरा रंग दाखवायचा असेल तर हेअरस्प्रे. एकाच रंगावर धातूपर्यंत गेलेले बारीक घाव हवे असतील तर स्पंज. मिठाचं काम वेगळंच आहे.

हेअरस्प्रे

राखाडी बेस मारून २४ तास वाळू द्या आणि त्यावर सॅटिन (किंचित चमकेच्या) लॅकर वॉर्निशचा एक हात द्या. हे वॉर्निश टाळलं तर पुढे घासताना राखाडीही निघतो आणि उघडं प्लास्टिक दिसतं. आता हेअरस्प्रेचे दोन हलके हात २५-३० सेंमीवरून मारा. जवळून मारला तर थेंब साचतात आणि रिव्हेट बुजतात. २०-३० मिनिटांनी वाळूचा रंग एअरब्रशने (रंग फवारणाऱ्या बारीक पिचकारीने) पातळ मारा, खालचा राखाडी जेमतेम झाकेल इतकाच. टामिया कंपनीचे अ‍ॅक्रिलिक रंग इथे सर्वात चांगले चालतात, पण पाण्याने किंवा त्यांच्याच अ‍ॅक्रिलिक थिनरने पातळ केलेले. लॅकर थिनर वापरला तर रंग खालच्या थराला घट्ट धरतो आणि टवके निघता निघत नाहीत. वायेहो कंपनीचा रंग रबरासारखी साय धरतो, त्यामुळे टवक्यांऐवजी पोपडे निघतात.

वरचा रंग हाताला सुका लागला की अर्ध्या तासात काम सुरू करा. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर दुप्पट घासावं लागतं. एका वेळी एकच पृष्ठभाग घ्या. कोमट पाणी लावा, खालचा हेअरस्प्रे विरघळायला मिनिटभर थांबा, मग केस आखूड कापलेल्या ताठ ब्रशने टोचा. ओरखड्यांसाठी टूथपिक वापरा. हवे तितके टवके निघाले की थांबा, पूर्ण वाळू द्या आणि लगेच वॉर्निशने बंद करा. हे राहिलं तर डीकॅलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या) पाण्याने उरलेला हेअरस्प्रे पुन्हा विरघळतो आणि डीकॅलभोवतीचा रंग उचलला जातो. राखाडी चौकोनात राहिलेला क्रॉस हवा असेल तर डीकॅल राखाडीवरच लावा, वॉर्निशने बंद करा, त्यावर मास्क (रंग लागू नये म्हणून झाकण) ठेवा आणि मगच हेअरस्प्रे.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हेअरस्प्रे तासभरानंतरही चिकट राहतो. त्यावर रंग मारला तर तो भेगाळतो. मंद हेअरड्रायर आणि कंप्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतला ओलावा अडवणारा भाग), या दोन गोष्टी तेव्हा हव्यातच.

हेअरस्प्रेऐवजी वापरायच्या तयार चिपिंग द्रवांत एके इंटरॅक्टिव्ह कंपनीचं ‘वॉर्न इफेक्ट्स’ बारीक टवके देतं, ‘हेवी चिपिंग’ मोठे. डब्यातल्या हेअरस्प्रेपेक्षा ते जास्त भरवशाचे आहेत, पण पहिल्या मॉडेलसाठी साधा हेअरस्प्रे पुरतो.

स्पंज

याला एअरब्रश लागत नाही. पॅकिंगमधल्या फोमचा तुकडा चिमट्याने तोडा. कापू नका, कारण कापलेली कड सरळ ठसा उमटवते. वायेहो ७०.८२२ हा काळपट तपकिरी घ्या, स्पंज बुडवा आणि कागदावर टिपत राहा, ठसा जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत. मग झाकणांच्या कडा, चढायच्या जागा, मडगार्डची टोकं इथे हलके टेका. चुकलं तर मिनिटाच्या आत ओल्या ब्रशने पुसता येतं, मात्र खाली सॅटिन वॉर्निश हवं. मॅटवर डाग बसतो.

आधी मूळ रंगाचीच फिकट छटा आणि तिच्या आत गडद तपकिरी दिला तर घावाला खोली येते. ही जोडी मला स्पंजचं सर्वात मोठं बळ वाटते.

बिघडतं ते मापात. १/३५ स्केलला (मूळच्या एक पस्तीसांश मॉडेलवर) २ मिमीचा टवका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर ७ सेंमी. १/७२ ला तोच १४ सेंमीहून मोठा होतो, म्हणून त्या स्केलला स्पंज बाजूला ठेवा आणि ००० नंबरचा ब्रश घ्या. स्पंज सगळीकडे सारखा टेकवला तर रणगाड्याला गोवर उठल्यासारखा दिसतो. उभ्या पत्र्यांचा मधला भाग मोकळा सोडा.

मीठ

पृष्ठभाग ओला करून जाडं मीठ टाका, वाळवा, रंग मारा, मीठ झाडा. टवके मोठे, कोनदार येतात. जळून गंजलेल्या, सोडून दिलेल्या गाडीला ते शोभतात. लढत्या पॅन्झरला नाहीत. मीठ नीट धुतलं नाही तर पांढरी खार उमटते.

दुसरी गाडी असेल तर

हिवाळी पांढरा थर चढवलेल्या टी-३४ या सोव्हिएत रणगाड्यासाठी हेअरस्प्रेला पर्याय नाही. एम-११३ या अमेरिकन चिलखती गाडीचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यामुळे स्पंज घ्या, पण टवका चंदेरी राखाडी ठेवा. त्यातून गंजाचे ओघळ काढणं चूक.

पॅन्झर-३ वर दोन्ही पद्धती हव्या असतील तर आधी हेअरस्प्रे, मग वॉर्निश, मग झाकणांच्या कडांवर थोडा स्पंज. धुळीचा पिगमेंट (रंगाची कोरडी भुकटी) सर्वात शेवटी. तो निम्मे टवके झाकतो, म्हणून चिपिंग करताना मनाला पटेल त्याहून थोडं जास्तच करा.