फुकटची कन्सल्टन्सी: व्हिसाच्या फाइलसाठी चालेल, विद्यापीठ निवडायला नको

नागपुरातलं धरमपेठ, रामदासपेठ, शंकरनगर. या पट्ट्यात परदेशी शिक्षणासाठी ‘फ्री काउन्सेलिंग’ची पाटी लावलेल्या कन्सल्टन्सी शोधाव्या लागत नाहीत. सेवा सगळीकडे तीच: विद्यापीठांची यादी, एसओपी (हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणारा विद्यार्थ्याचा निबंध), अर्ज आणि व्हिसाची फाइल. ब्रिटनमधल्या नावाजलेल्या विद्यापीठात मास्टर्स करायचं असेल तर ती कितपत कामाची, तेवढंच इथे.

विद्यापीठांची यादी: पाचापैकी एक तारा. विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाहीत, कारण प्रवेश झाला की विद्यापीठ एजंटला फीतून कमिशन देतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज एजंट नेमत नाहीत, त्यामुळे ही नावं यादीत सहसा दिसत नाहीत. विचारलं तर ‘तिथे कॉम्पिटिशन लई आहे’ म्हणतात. आहेच, पण नाव गळायचं कारण ते नव्हे. म्हणून पहिला प्रश्न हाच टाका: या यादीतल्या कोणाकोणाशी तुमचा करार आहे? बरीच ब्रिटिश विद्यापीठं आपल्या एजंटांची देशवार यादी संकेतस्थळावर देतात, ती ताडून बघा. वेळेचंही गणित बिघडतं. हॉटेलातले ‘स्पॉट ऑफर’चे, म्हणजे जागेवरच प्रवेश देण्याचे, मेळावे फेब्रुवारी-मार्चमध्ये रंगतात, तोवर ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शिष्यवृत्तीसह अर्जांच्या बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत संपलेल्या असतात.

एसओपी आणि शिफारसपत्रं: शून्य. ‘लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण’ ही सुरुवात एकाच संगणकातून दहा फाइलींत जाते. शिफारसपत्राची लिंक थेट प्राध्यापकांच्या ई-मेलवर जाते. काही ठिकाणी सरांच्या नावाने जीमेल खातं उघडून पत्र इथेच लिहितात. पकडलं गेलं तर ऑफर रद्द होऊ शकते आणि ती विद्यार्थ्याची. सरांना महिनाभर आधी मार्कशीट, प्रोजेक्टचा गोषवारा आणि एक पानी माहिती द्या, नाहीतर ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग’ एवढ्यावरच आटोपतं.

व्हिसाची फाइल: चार तारे. इथे मात्र अनुभवी माणूस भेटला तर त्याचं मोल आहे. 11 नोव्हेंबर 2025 पासून राहण्याच्या खर्चासाठी लंडनमध्ये महिन्याला 1,529 पौंड, बाहेर 1,171 पौंड दाखवावे लागतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. म्हणजे लंडनबाहेर 10,539 पौंड, अधिक भरायची राहिलेली फी. ही रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी आणि त्या 28 दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेच्या आधी 31 दिवसांच्या आत. फाइल पडते ती इथेच: विसाव्या दिवशी बाबांच्या खात्यातून गाडीचा हप्ता कापला जातो, शिल्लक एका दिवसासाठी खाली येते, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून रुपयाच्या चढउतारापुरतीही थोडी जास्त रक्कम ठेवा. खातं स्वतःचं किंवा आई-वडिलांचं. काका, मामा, आजोबांचं चालत नाही. आई-वडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि संमतीपत्र जोडावं लागतं. महापालिकेचा जुना दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही.

कर्जपत्राची भाषा नीट वाचा. पत्र सहा महिन्यांपेक्षा जुनं नको, आणि ‘तारण पूर्ण झाल्यावर’ असली अट त्यात नको. व्हिसा मिळाल्यावर रक्कम देऊ, एवढीच अट चालते. बँका छापील नमुना देतात, तो बदलून घ्यायला दोन-तीन खेपा होतात. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी) वर्षाला 776 पौंड. पण एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा अभ्यासक्रमानंतरचे चार महिने धरून निघतो, त्यामुळे दीड वर्षाचे 1,164 पौंड भरावे लागतात. ही रक्कम काउन्सेलरने आधी सांगितली नाही तर समजा, तो कच्चा आहे. शिक्षणानंतर कामासाठी ब्रिटनमध्ये थांबण्याची दोन वर्षंही आता पक्की धरू नका: 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना 18 महिनेच मिळतील.

एक गोष्ट या कार्यालयांत क्वचितच कानावर येते: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. ती जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांसाठीच असते, म्हणजे जिथे कमिशन नाही तिथेही. जात पडताळणीचं प्रमाणपत्र हातात नसेल तर आधी त्याच्या मागे लागा.

मूळ मार्कशीट तिथे ठेवून येऊ नका, झेरॉक्स पुरते. अर्जाचा ई-मेल आणि पासवर्डही स्वतःचाच ठेवा. व्हिसासाठी लागणारा कॅस क्रमांक, म्हणजे विद्यापीठाने प्रवेश पक्का केल्याचा क्रमांक, त्याच पत्त्यावर येतो.