वांद्र्याच्या कोर्टाजवळचा टायपिंगवाला

माहिती अधिकारात गल्लीतल्या गटाराच्या कामाची मोजमाप पुस्तिका (किती काम झालं याची नोंदवही) मागितली, तर कचेरीचं उत्तर आलं, 'माहिती वैयक्तिक स्वरूपाची आहे.' गटाराचं कसलं आलंय खासगी आयुष्य! इथल्या काकांनी उत्तराआधी पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का पाहिला. पहिलं अपील, म्हणजे त्याच कचेरीतल्या वरिष्ठांकडे दाद, उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करावं लागतं ना! माझी लांबलचक तक्रार सरळ बाजूला ठेवली. जोडपत्र 'ब'मध्ये, म्हणजे या अपिलाच्या नमुन्यात, मोजक्याच ओळी: काय मागितलं, काय दिलं, वैयक्तिक माहिती नाकारू देणारं कलम ८(१)(ञ) इथे का लागू नाही. वर २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि 'पोच घेतल्याशिवाय निघू नका' अशी ताकीद. दुकान कोंदट, प्रिंटर कुरकुरतो, यूपीआय चालत नाही. तरी माहिती आयोगाकडे दुसरं अपील करायची वेळ आलीच, तर त्याला ९० दिवस असतात, आणि तेही मी इथूनच टाइप करून घेईन.